जुन्या रेंजफाइंडर लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणारे प्रश्न बरेचसे ठरलेले असतात. कुणाला घरच्या कपाटात जुनी लेन्स सापडलेली असते, तर कुणाला दुसऱ्याचे फोटो बघून आपणही एक घ्यावी असं वाटलेलं असतं. ते प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. घाई असेल तर २, १२ आणि १७ एवढे तरी वाचाच. पैसे वाचतात ते तिथेच, आणि बुडतात तेही तिथेच.

१. रेंजफाइंडर लेन्स म्हणजे नेमकी कुठली? जुनी ती जुनी, त्यात आणखी वेगळं काय?

वेगळेपण लेन्सच्या मागच्या बाजूला आहे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वर-खाली होतो. त्याला जागा लागते, म्हणून लेन्स फिल्मपासून चार-साडेचार सेंटिमीटर लांब बसते. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. बघायची खिडकी वेगळी, त्या खिडकीत दोन प्रतिमा दिसतात आणि रिंग फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस झाला. लेन्स फिल्मला जवळजवळ चिकटून बसू शकते, म्हणून ती लहान आणि हलकी करता आली. ५० मिमी एफ/२ची (एफ म्हणजे प्रकाश येणाऱ्या भोकाचं माप, आकडा लहान तितकं भोक मोठं) ज्युपिटर-८ जेमतेम १३० ग्रॅमची आहे, शर्टाच्या खिशात मावते.

लायका, झाइसची कॉन्टॅक्स, कॅनन आणि निकॉनचे सुरुवातीचे कॅमेरे, सोव्हिएत फेड, झोर्की आणि किएव्ह, पुढे मिनोल्टा सीएलई, आणि १९९९पासून कोसिना कंपनीने काढलेल्या फॉइगटलेंडर लेन्स, हा सगळा या घराण्याचा गोतावळा.

२. माझ्या कॅमेऱ्यावर बसेल का?

कॅमेरा मिररलेस (आरसा नसलेला डिजिटल) असेल तर बहुतेक बसेल. बघायचा आकडा एकच : लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचं, म्हणजे आता सेन्सरपर्यंतचं, अंतर. लायकाच्या जुन्या आट्यांच्या माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या तोंडात) ते २८.८ मिमी, लायका एममध्ये २७.८ मिमी. तुमच्या बॉडीतलं अंतर याहून कमी असेल, तर उरलेल्या जागेत अडॅप्टर बसतो. निकॉन झेड १६, फुजी एक्स १७.७, सोनी ई १८, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, कॅनन आरएफ आणि एल-माउंट २० मिमी. म्हणजे सोनीवर एम लेन्ससाठी ९.८ मिमी जाडीचा अडॅप्टर लागतो. त्याच्या आत काच नाही, वायर नाही, निव्वळ पोकळ धातूची कडी.

बसणं वेगळं आणि चांगला फोटो येणं वेगळं. ते प्रश्न १२मध्ये.

३. माझ्याकडे डीएसएलआर आहे. त्याच्यावर का नाही?

डीएसएलआर म्हणजे आरसेवाला डिजिटल कॅमेरा. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिमी आहे, निकॉन एफमध्ये ४६.५. लेन्सला सेन्सरच्या २८.८ मिमीपर्यंत जवळ जायचं आहे, पण माउंट तिला ४४ मिमीवरच अडवतो. पंधरा मिलिमीटर लांब बसलेली ५० मिमीची लेन्स फार तर वीतभर अंतरावरच्या वस्तूवर फोकस करते, त्यापलीकडे सगळा धूर. फुलं आणि मुंग्या काढायच्या असतील तर चालेल. एरवी नाही, आणि 'डीएसएलआरसाठी खास अडॅप्टर' म्हणून काही विकत असतील तर घेऊ नका.

४. एलटीएम, एम३९, एल३९, एम... हा काय गोंधळ आहे?

पहिली तीन एकाच माउंटची नावं : ३९ मिमी व्यासाचे आटे असलेली लेन्स, जी गोल फिरवून बसवायची. लायकाने हे आटे इंचाला २६ ठेवले. सोव्हिएत लेन्सचे आटे १ मिमीचे आहेत, फरक इतका बारीक की एकमेकांवर बसतात. अडलं तर मात्र जोर लावू नका.

एम म्हणजे १९५४ साली लायका एम३ कॅमेऱ्याबरोबर आलेला, खटकन बसणारा माउंट. लायकाने तो बरोब्बर १ मिमी कमी ठेवला, त्यामुळे जुनी आट्यांची लेन्स १ मिमी जाडीची रिंग लावून एम माउंटवर बसते. या रिंगचे ५०/७५, २८/९०, ३५/१३५ असे प्रकार दिसतील. ते फिल्म कॅमेऱ्याच्या खिडकीतल्या चौकटीसाठी आहेत. तुम्ही मिररलेसवर लावणार असाल तर कुठलीही घ्या.

माझा सल्ला : एम माउंटचा एकच चांगला अडॅप्टर घ्या आणि आट्यांच्या लेन्सना स्वस्तातल्या १ मिमीच्या रिंगा कायमच्या लावून ठेवा. लेन्स बदलताना आटे फिरवत बसावं लागत नाही.

५. एम३९ची लेन्स आहे, आटेही नीट बसले, पण ना जवळचं फोकस होतं ना लांबचं. लेन्स खराब आहे का?

लेन्स बहुधा ठणठणीत आहे, फक्त ती रेंजफाइंडरची नाही. सुरुवातीच्या झेनिट या एसएलआर कॅमेऱ्यांनाही ३९ मिमीचेच आटे होते, पण अंतर ४५.२ मिमी. अशी लेन्स २८.८च्या अडॅप्टरवर लावली की ती सेन्सरच्या १६.४ मिमी जास्त जवळ जाते, मग जगातली कुठलीच गोष्ट फोकसमध्ये येत नाही. १६.४ मिमीची मधली रिंग लावली की काम होतं.

ओळखायची खूण : लेन्स उलटी धरा आणि फोकस रिंग फिरवा. रेंजफाइंडर लेन्सच्या मागे आतल्या बाजूला एक गुळगुळीत कडं आत-बाहेर सरकताना दिसेल, कॅमेऱ्यातल्या रेंजफाइंडरला ढकलण्यासाठी. झेनिटच्या लेन्सला ते नसतं. आणि फोकस रिंगच नसेल, नुसती भोक लहान-मोठं करणारी अ‍ॅपर्चरची असेल, तर ती डार्करूममधल्या एन्लार्जरची लेन्स आहे. तिलाही आटे ३९चेच.

६. बाबांची याशिका इलेक्ट्रो ३५ आहे. रेंजफाइंडरच आहे ना ती? तिची लेन्स सोनीवर लावायची आहे.

कॅमेरा रेंजफाइंडरच, पण लेन्स निघणारी नाही. १९६६च्या या कॅमेऱ्याची ४५ मिमी एफ/१.७ लेन्स बॉडीला पक्की आहे आणि शटर तिच्या भिंगांच्या मधोमध बसवलेलं आहे. कॅननेट क्यूएल१७चंही तेच. लोक कापून, शटर उघडं अडकवून, वेगळी फोकसची नळी जोडून त्या लावतात, पण त्यात कॅमेरा मरतो. चालू स्थितीतल्या इलेक्ट्रोत रोल घाला. बाबांना फोटो दाखवा.

७. पहिली लेन्स कुठली घेऊ?

५० मिमी. त्यातही बजेट कमी असेल तर ज्युपिटर-८ किंवा इंडस्टार-६१.

ज्युपिटर-८ची वंशावळ मोठी आहे. झाइसच्या लुडविग बेर्टेलेने १९३०च्या दशकात कॉन्टॅक्ससाठी सोनार नावाची रचना केली. महायुद्धानंतर ती यंत्रं आणि नकाशे सोव्हिएत हातात गेले आणि ज्युपिटर जन्मली. एफ/२ला मधला भाग टोकदार, कडा मऊ, आणि मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी. अ‍ॅपर्चरला नऊ पाती, म्हणून मागचे दिवे गोल येतात. रिंगला खटके नाहीत, ती नुसती घसरते. एफ/४ लावलं आहे असं समजून तुम्ही एफ/२.८वर फोटो काढत असता. सवय होते.

क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा निर्मितीचं वर्ष सांगतात. समोरच्या पट्टीवर तांबडं रशियन 'प' (П) अक्षर असेल तर काचेला कोटिंग (चमक कमी करणारा थर) आहे. फिल्टर ४०.५ मिमीचा लागतो, आणि सोनीच्या १६-५० किट लेन्सचाही तोच आहे, तेव्हा झाकण घरातच असेल.

इंडस्टार-६१ कमी रसाळ पण जास्त शिस्तीची. थोडे जास्त पैसे असतील तर कॅननच्या आट्यांच्या ५० मिमी लेन्स घ्या. त्यांची घडण सोव्हिएत लेन्सपेक्षा कितीतरी सरस आहे, पण प्रश्न १७ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. लायका पहिल्यांदाच घेऊ नका. आधी आपल्याला हाताने फोकस करणं आवडतं की नाही ते स्वस्तात कळू द्या.

८. माझ्या कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स ७५ होते म्हणतात, खरं का?

लेन्स ५०चीच राहते, तिच्या चित्राचा मधला तुकडाच सेन्सरवर येतो. फिल्मच्या चौकटीहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरवर (सोनी, फुजी, निकॉन) ७५ मिमीसारखी चौकट दिसते, कॅननच्या एपीएस-सीवर ८०, त्याहूनही लहान मायक्रो फोर थर्ड्सवर १००. याचा तोटा म्हणजे वाइड (कमी मिलिमीटरच्या, रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सचं वाइडपण जातं. फायदा म्हणजे जुन्या लेन्सच्या खराब कडा आपोआप कापल्या जातात. ज्युपिटर-८ फुजीवर पोर्ट्रेटसाठी फार गोड चालते.

९. लेन्स लावली, पण शटरच दबत नाही.

कॅमेऱ्याला वाटतंय की लेन्स नाहीच. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. या एका प्रश्नावर मी जितकी उत्तरं लिहिली तितकी दुसऱ्या कशावर नसतील.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी उरकून घ्या. एक, मोड 'ए'वर ठेवा : अ‍ॅपर्चर तुम्ही हाताने लावायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. दोन, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असेल तर मेनूत लेन्सचे मिलिमीटर स्वतः टाका. मागच्या वेळची १३५ लावून आज ३५ बसवली आणि आकडा बदलायला विसरलात तर कॅमेरा नको तितका हलून स्थिर फोटोही बिघडवतो. फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चर येणार नाही. ज्याला लागतं त्याने वही ठेवावी.

१०. चष्मा आहे, फोकस हाताने जमेल का?

जमतो, उलट खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवण्यापेक्षा सोपा जातो. फोकस पीकिंग म्हणजे कडांवर उमटणारे रंगीत ठिपके. ते अंदाजापुरते ठीक, एफ/१.५ला फसवतात. खरा भरवसा चित्र मोठं करून बघण्यावर. एका बटणावर ते मोठं करणं बसवा, डोळ्याच्या पापणीवर फोकस आणा, मग चौकट नीट करा. फोटो काळा-पांढरा दिसेल असं सेटिंग ठेवून रॉमध्ये (कॅमेऱ्याने न बदललेल्या मूळ फाइलमध्ये) काढलात तर पीकिंगचे लाल ठिपके लख्ख दिसतात आणि मूळ फोटो रंगीतच राहतो.

रस्त्यावर यातलं काहीच करायचं नाही. अ‍ॅपर्चर एफ/८, लेन्सवरची अंतराची पट्टी ३ मीटरवर, आणि नुसतं दाबत सुटायचं. या लेन्स त्याचसाठी होत्या.

११. फोकस डोळ्यावर बरोबर केला होता, तरी फोटोत कान टोकदार आला. माझीच चूक?

लेन्सची. सोनार घराण्यातल्या लेन्समध्ये, विशेषतः ज्युपिटर-३सारख्या एफ/१.५वाल्यांत, अ‍ॅपर्चर बारीक केलं की फोकस मागे सरकतो. तुम्ही उघड्या अ‍ॅपर्चरवर फोकस केलात आणि मग एफ/२.८ केलंत, म्हणून डोळ्याऐवजी कान आला. ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस करा. एफ/५.६च्या पुढे फोकसची खोलीच इतकी मिळते की हे जाणवत नाही.

जुन्या जाणत्यांकडून तुम्ही ऐकलं असेल की सोव्हिएत लेन्स लायकावर नीट फोकस होत नाहीत. ती तक्रार खरी, पण ती रेंजफाइंडरच्या जुळणीची आहे. तुम्ही सेन्सरवरचंच चित्र बघून फोकस करता, तुम्हाला तिच्याशी कर्तव्य नाही.

१२. २१ मिमीची लेन्स लावली तर कोपरे जांभळट आणि फिस्कटलेले येतात. फिल्मवर तर हीच लेन्स उत्तम होती!

खरंच उत्तम होती. म्हणूनच सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात.

मागची बाजू आठवा (प्रश्न १). वाइड रेंजफाइंडर लेन्सचं शेवटचं भिंग फिल्मच्या इतकं जवळ असतं की कोपऱ्यात जाणारा प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही नाही, ती सपाट कातडीसारखी, कुठूनही आलेलं ऊन घेते. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल मात्र खोलगट पेल्यासारखा असतो. अंगणात पेले मांडून ठेवले आणि पाऊस तिरका आला तर पेले अर्धेच भरतात, आणि थोडं पाणी शेजारच्या पेल्यात उडतं. शेजारचा पेला दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवट रंग चढतो. अंधारही येतो.

फिस्कटणं हा याहून वेगळा रोग आहे. सेन्सरवर संरक्षक काच असते. तिच्यातून सरळ जाणारा किरण सरळच जातो, तिरका मात्र वाकतो आणि भलत्या ठिकाणी पोचतो. काच जितकी जाड तितका घोटाळा मोठा. लायका एममध्ये ती १ मिमीच्याही आत आहे, सोनीच्या ए७ मालिकेत २ मिमीच्या आसपास, निकॉन झेडमध्ये सोनीपेक्षा पातळ, मायक्रो फोर थर्ड्समध्ये ४च्या जवळ. या शेवटच्या सेन्सरवर कोपरेच कापले जातात म्हणून त्रास कमी दिसतो, एवढंच.

मोजमाप म्हणून हे लक्षात ठेवा : ५० आणि त्यापुढच्या लेन्स कुठेही चालतात. ३५ला लेन्स बघून ठरवायचं. २८ आणि त्याखाली, फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) सोनीवर, जुनी लेन्स आधी लावून बघितल्याशिवाय घेऊ नये.

उपाय आहेत. बीएसआय (प्रकाश टिपणारा थर वर आणलेल्या) सेन्सरच्या बॉडीवर, म्हणजे सोनीत ए७आर २पासून, रंगाचा त्रास बराच कमी होतो, फिस्कटणं मात्र राहतं. रंगासाठी फ्लॅट-फील्ड करेक्शन वापरा : लेन्ससमोर दुधी प्लास्टिक धरून (मी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण वापरतो) त्याच अ‍ॅपर्चरला एक कोरा फोटो काढायचा. लाइटरूम क्लासिक हे सॉफ्टवेअर तो वजा करून देतं. फिस्कटण्यावर खात्रीचा उपाय म्हणजे सेन्सरची काच काढून पातळ बसवून घेणं. ते काम खर्चाचं आहे, आणि नंतर त्या बॉडीच्या स्वतःच्या काही लेन्सचे कोपरे बिघडू शकतात. तिसरा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो : वाइड हवी असेल तर डिजिटल लक्षात घेऊन केलेली घ्या. फॉइगटलेंडरची १५ मिमी हेलियार १९९९ला आली तेव्हा फिल्मसाठी होती. २०१५ची तिसरी आवृत्ती सेन्सरसाठी नव्याने रचली आणि ती सोनीवर व्यवस्थित चालते. नाव तेच, आतली लेन्स वेगळी. वापरलेली घेताना आवृत्ती विचारा.

आणि काळे-पांढरे फोटो काढणार असाल तर निम्मा प्रश्न आपोआप मिटतो.

१३. मग बॉडी कुठली घ्यावी? लायकाच लागते का?

वाइडवरच जीव असेल तर लायका एम, दुसरं नाव नाही. तिच्या सेन्सरवर कोपऱ्यातली सूक्ष्म भिंगं मुद्दाम सरकवलेली असतात. पहिला डिजिटल रेंजफाइंडर मात्र लायकाचा नव्हता, २००४चा एप्सन आर-डी१ होता. लायकाचा एम८ २००६ला आणि फुल फ्रेम एम९ २००९ला आला. एम८ला अवरक्त किरण अडवणारा फिल्टर लावावा लागतो, नाहीतर काळं सिंथेटिक कापड वांगी रंगाचं दिसतं. लग्नात काळा कोट घातलेल्या काकांचे फोटो बघून घरच्यांनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

बाकीच्यांसाठी निकॉन झेड फुल फ्रेम ही माझी पहिली पसंती. माउंट सर्वांत उथळ, काच पातळ. सोनी असेल तर बदलू नका. ५० मिमीला फरक शोधून सापडत नाही.

१४. मागचं भिंग बाहेर आलंय, आत आपटणार नाही ना?

ज्युपिटर-१२ (३५ मिमी एफ/२.८) असेल तर प्रश्न योग्य आहे. तिचं मागचं भिंग लिंबासारखं बाहेर येतं. लेन्स अनंताला (म्हणजे सर्वांत लांबच्या फोकसला) असताना ते सर्वांत आत असतं. अडॅप्टर लेन्सला लावा, त्याच्या पाठीपासून भिंगाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा, आणि बॉडीत माउंटपासून शटरच्या चौकटीपर्यंत किती जागा आहे ते नुसत्या डोळ्यांनी, आत काही न घालता, अंदाजा. शंका आली तर लावू नका. अ‍ॅपर्चर कुठे आहे असंही तिच्याबद्दल विचारतात. ते पुढच्या भिंगाभोवती, फिल्टरच्या कड्याच्या आत आहे. फिल्टर लावला की बोटं पोचत नाहीत.

लायकाच्या जुन्या 'एल्मार' आणि 'सुमार'सारख्या लेन्सची नळी आत ढकलून लेन्स चपटी करता येते. डिजिटल बॉडीवर ढकलू नका, बाहेरच ठेवा. विसराळूपणा असेल तर नळीवर रबरबँड गुंडाळा.

१५. एक मीटरच्या आत फोकस होत नाही. आणि ऑटोफोकस मिळतो का?

रेंजफाइंडरची ती मर्यादाच होती, खिडकीतून त्याहून जवळचं जुळत नसे. जुन्या लेन्स १ मीटरवर थांबतात, काही ०.७वर. मिररलेसवर नळीवाला (फिरवला की लांब होणारा) अडॅप्टर घेतला की लेन्स आणखी ४ मिमी वगैरे पुढे येते आणि ताटातली मिसळसुद्धा फोकसमध्ये बसते. जवळ गेल्यावर जुन्या लेन्सच्या कडा ढासळतात, पण मिसळीला चालतं.

ऑटोफोकसही आहे. टेकआर्टसारखे मोटरवाले अडॅप्टर अख्खी लेन्सच पुढे-मागे सरकवतात. हलकी ५० असेल तर काम चांगलं होतं. जड लेन्सचा भार मोटरवर टाकू नका.

१६. चंद्र फोकस होत नाही. / फोकस रिंग 'अनंत'च्या अलीकडेच चंद्र टोकदार दिसतो.

दोन्ही अडॅप्टरच्या जाडीचे खेळ. जाड असेल तर लांबचं फोकस होणार नाही, असा अडॅप्टर परत करा. पातळ असेल तर लेन्स अनंताच्या थोडी पुढे जाते. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात, म्हणजे तक्रार येत नाही. त्याने बिघडत काही नाही, फक्त अंतराची पट्टी खोटं बोलते, आणि प्रश्न १०मधली रस्त्यावरची युक्ती फसते.

मी माझे अडॅप्टर पर्वतीवर नेऊन तपासतो. हवा स्वच्छ असली की सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो. त्यावर चित्र मोठं करून फोकस करायचा आणि रिंग कुठे थांबली ते बघायचं. मी घेतलेला पहिला अडॅप्टर इतका जाड निघाला की मनोऱ्याच्या जागी राखाडी शेवई दिसत होती, आणि मी दोन आठवडे लेन्सलाच दोष देत होतो.

१७. वापरलेली लेन्स घेताना काय बघायचं?

मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा परदेशातला विक्रेता, कुठूनही घ्या, टॉर्च हवाच. परदेशातून मागवताना टॉर्चच्या उजेडातले फोटो मागा आणि किमतीत कस्टमचं बिल धरा.

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. मोबाईलचा टॉर्च मागच्या भिंगाकडून तिरका धरा आणि पुढून बघा, मग उलट. धुळीचे चार कण दिसतील, त्यांकडे दुर्लक्ष करा. कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले धागे दिसले तर फंगस. काचेवर एकसारखा दुधाळ थर दिसला तर हेझ. हेझ बऱ्याचदा वंगणाची वाफ बसून येतो आणि पुसला जातो, पण कॅननच्या आट्यांच्या ५० मिमी एफ/१.८मध्ये अ‍ॅपर्चरच्या मागचं भिंग अनेकदा काचेतच खाल्लं गेलेलं असतं, ते पुसून जात नाही. या लेन्सचं दुर्दैव इतकं माहितीचं आहे की 'थोडासा हेझ, साफ होईल' असं कुणी म्हटलं की मी उठून चालू लागतो.

पुढच्या भिंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं असेल तर ते वर्षानुवर्षं रुमालाने पुसल्याचं. १९३३च्या लायकाच्या 'सुमार' लेन्सची पुढची काच इतकी मऊ आहे की स्वच्छ सापडणं भाग्याचं. असे ओरखडे चित्राची धार कमी करत नाहीत, उजेड समोरून आला की धुकं करतात. एखादी खोल चीर त्यापेक्षा परवडली.

मग फोकस रिंग फिरवा. जड असेल तर आतलं वंगण वाळलंय, ते दुरुस्त होतं. पण घरी उघडू नका. फोकसच्या नळीला अनेक तोंडांचे आटे असतात, ते कुठून सुटले त्याची खूण केली नाही तर परत जोडताना चुकीच्या तोंडातून घुसतात आणि लेन्स कधीच अनंताला पोचत नाही. सोव्हिएत लेन्स बऱ्याचदा अशा 'घरी उघडलेल्या' असतात. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या दिसल्या की समजा.

१८. पावसाळ्यात काय करू? कोकणात राहतो.

चामड्याच्या केसमधून लेन्स आधी बाहेर काढा. माझी पहिली ज्युपिटर मी तिच्या मूळ चामडी डबीत, मऊ कापडात, अगदी प्रेमाने जूनमध्ये कपाटात ठेवली आणि दसऱ्याला काढली. मधल्या भिंगावर फंगसची नक्षी होती. चामडं ओल धरून ठेवतं, अंधार त्यात भर घालतो.

ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत दहा रुपयांच्या वस्तूसारखा दिसणारा आर्द्रतेचा छोटा काटा. जेलचा रंग बदलला की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवून परत टाका. अगदी कोरडंही नको, ३०च्या खाली वंगण त्रास देतं. आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे लेन्स वापरणं. फंगसवाली लेन्स इतरांपासून लांब ठेवावी का? मी ठेवतो.

१९. फोटो फिके, धुरकट येतात.

आधी टॉर्च (प्रश्न १७). लेन्स स्वच्छ असेल तर हा जुन्या कोटिंगचा स्वभाव. काचेवर एकच थर, युद्धापूर्वीच्या लेन्सना तोही नाही. हूड (लेन्सपुढचं छत्र) लावा. निम्मी तक्रार तिथेच संपते. दुसरी जागा अडॅप्टरची आतली भिंत. स्वस्त अडॅप्टर आतून चकचकीत असतात आणि तो उजेड सेन्सरवर फेकतात. काळं मखमली कागद चिकटवून बघा. उरलेलं एडिटिंगमध्ये काळा रंग थोडा खाली ओढला की होतं. सावलीतले तपशील या लेन्स छान जपतात.

२०. सोनेरी लायका, त्यावर एल्मार लेन्स, स्वस्तात मिळते आहे...

ती बहुधा नक्कल : फेड किंवा झोर्कीवर नवं नाव कोरलेलं असतं. लेन्ससाठी खूण : खऱ्या ५० मिमी एफ/३.५ एल्मारमध्ये अ‍ॅपर्चरची पाती पहिल्याच भिंगाच्या मागे असतात, इंडस्टारवर बेतलेल्या नकलेत दुसऱ्या भिंगाच्या मागे. बॉडीसाठी : लेन्स काढून आत बघा, रेंजफाइंडरचा हात खऱ्या लायकात छोट्या चाकावर संपतो, नकलेत घन पाचरीवर. गंमत म्हणून स्वस्तात घ्यायला हरकत नाही, फोटो ती इंडस्टारसारखेच काढते, म्हणजे चांगलेच.

२१. काही लेन्स किरणोत्सर्गी असतात असं वाचलं. घरात लहान मूल आहे.

लायकाच्या १९५३च्या पहिल्या काही सुमिक्रॉन लेन्सच्या काचेत थोरियम होतं, ते खरं आहे. कपाटात ठेवणं आणि फोटो काढणं यात घाबरण्यासारखं काही नाही. लेन्स उशाशी घेऊन झोपू नका, काच घासू-फोडू नका, मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका. तशी कुठलीच लेन्स जाऊ देऊ नये. थोरियमची काच कालांतराने पिवळी पडते, काही दिवस अतिनील उजेडात ठेवली की पिवळेपणा उतरतो.

२२. किएव्ह कॅमेऱ्याची ज्युपिटर-८ मिळाली, पण तिच्यावर फोकस रिंगच नाही!

बरोबर आहे, ती कॅमेऱ्यावर राहिली. किएव्ह ही कॉन्टॅक्सचीच सोव्हिएत आवृत्ती, आणि कॉन्टॅक्समध्ये ५० मिमीच्या लेन्ससाठी फोकसची नळी बॉडीत असते. लेन्सवर फक्त अ‍ॅपर्चर. त्यामुळे तिला आत नळी असलेला खास कॉन्टॅक्स अडॅप्टर लागतो, आणि तो बऱ्याचदा लेन्सपेक्षा महाग पडतो. १३५सारख्या लेन्स बाहेरच्या खाचांवर बसतात आणि त्यांची फोकस रिंग त्यांच्या अंगावरच असते. अडॅप्टर घेताना तो आतल्या खाचांचा, बाहेरच्या की दोन्हींचा, ते विचारा. निकॉन एस माउंट दिसायला जवळजवळ हाच आहे. सेन्सरवर बघून फोकस करत असाल तर ५० मिमीची निक्कोर (निकॉनची लेन्स) त्याच अडॅप्टरवर चालून जाते.

तोच पैसा आट्यांच्या ज्युपिटर-८वर खर्च करणं सोपं. पण घरात बंद पडलेला किएव्ह असेल तर गोष्ट वेगळी : त्याचा पुढचा फोकसचा भाग चार स्क्रूंनी सुटतो, आणि हौशी लोक तोच अडॅप्टरवर बसवून वापरतात. मूळचं दातेरी चाकसुद्धा बोटाखाली फिरतं.